घटक क्रमांक नऊ

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांनी आजवर काय काय आणलं, ते सांगायला बसलो तर चहाचे तीन फेरे होतील. एका गृहस्थाने बैलाच्या कानातल्या बिल्ल्याची झेरॉक्स मागितली होती आणि बिल्ला कानातून निघत नव्हता. मग बैल पायरीवर, मान आत आणि कान काचेवर, असा कार्यक्रम झाला. प्रत जरा हलली, पण नंबर वाचता आला. गवताची झेरॉक्स मागणारा माणूस मात्र मला आयुष्यात एकच भेटला. सांडू नाना.

गेल्या वर्षी नाना वारले. मी मातीला गेलो नाही. दुकान बंद ठेवलं, अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, मोटारसायकल केदारखेड्यापर्यंत नेली, तिथल्या हॉटेलात भजी खाल्ली आणि परत आलो. घरच्यांनी विचारलं, गर्दी होती का? मी म्हणालो, पुष्कळ. मी रंगवून सांगणारा माणूस आहे. शाळेच्या गॅदरिंगपासून तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत माझी ख्यातीच ती आहे. पण नानांची गोष्ट मी आजवर जेवढ्या वेळा रंगवली, तेवढ्या वेळा तिच्यातला एक तुकडा गाळला. आज तोच सांगायचा आहे, म्हणून बाकीचीही सांगतो.

भोकरदनला तहसीलसमोर माझं दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म’ असं लिहिलंय, पण माझा खरा धंदा प्रस्तावांचा. गावाला सभामंडप पाहिजे, स्मशानभूमीला पत्रे पाहिजेत, तळ्यातला गाळ काढायचाय. योजना कुठलीही असो, तिच्या साच्यात गावाला बसवून देणारा माणूस लागतो. तो मी. माझे प्रस्ताव परत येत नाहीत. कुठल्या साहेबाला कुठला शब्द आवडतो, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत आहे.

तर अशा या दुकानात एका दुपारी खाकी कोट घातलेला, साठीकडे झुकलेला एक उंच माणूस आला. कोटाची बटणं पितळी, फक्त तिसऱ्याच्या जागी लाल. ते बायकोच्या पोलक्याचं होतं, हे पुढे कळलं. त्याने पिशवीतून सातबारा काढला, एक घडी पडून चिरलेला नकाशा काढला आणि मग दोऱ्याने बांधलेली गवताची एक जुडी अलगद काउंटरवर ठेवली.

“ह्याची काढा भाऊ. दोन प्रती.”

“बाबा, हे गवत आहे.”

“मला माहीत हे. मीच आणलं की.”

“गवताची झेरॉक्स कशाला?”

“अर्जाला जोडायला. सायब म्हणतेत, पुरावा जोडा. ह्याच्याहून मोठा पुरावा कोन्ता?”

आता असा प्रसंग मी सोडतो होय? मी बाह्या वर केल्या, काच पुसली, जुडी सोडून एकेक काडी वेगळी मांडली, तोंडाने ताशा वाजवला आणि हिरवं बटण दाबलं. दुकानातले चार जण हसून लोळले. प्रत बाहेर आली आणि हसणं जरा थांबलं. काय निघाली होती! प्रत्येक तुरा वेगळा, तुऱ्यावरची लव वेगळी, दाण्याच्या टोकाचं बारीक कुसळ वेगळं. नानांनी कागद दाराच्या उजेडात धरला.

“बराबर निघालं. फकस्त हिरवं न्हाई आलं.”

“हिरव्याला रंगीत मशीन लागतं. ते जालन्याला.”

“ऱ्हाऊ द्या. मार्वेल गवत हे म्हणून सायबाला कळन तसं बी.”

हे सांडू नाना त्यांच्या गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हटलं की मोठ्या शहरातल्या माणसाला तलवार आठवते. आमच्याकडे कोतवाल म्हणजे तलाठ्याचे दोन पाय. नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची, साहेब आले तर खुर्ची मिळवायची. गावाचं नाव सांगत नाही. केदारखेड्यावरून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. तिथले लोक मला अजून चहा पाजतात.

नाना चालताना ओठ हलवायचे. नव्या माणसाला वाटायचं, कसलातरी जप चाललाय. जप नव्हता, पावलं मोजत असत. घरापासून चावडी, चावडीपासून विहार, विहारापासून गायरान, सगळं गाव त्यांनी पावलांत पाठ केलं होतं. वाटेत कुणी हटकलं की नाना थांबायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, “दोनशे बारा. धरून ठेवा.” मग तुम्ही दोनशे बारा धरून ठेवायचे. बोलणं चालू, पण दोनशे बारा सुटता कामा नये. बोलून झालं की विचारायचे, “कित्ती होते?” विसरलात तर रागावत नसत. मुकाट्याने मागे वळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यामुळे त्या गावात नानांशी बोलणारा माणूस नेहमी थोडा घाबरलेला दिसायचा. सरकारी मोजणीदार एकदा यंत्र घेऊन आला, तेव्हा त्याचं आणि नानांचं माप दोन पावलांनी चुकलं. नाना त्याला म्हणाले, “तुमचं मशीन जल्दीत हे, सायब.”

आणि हे सगळं मोजणं ज्या एका गोष्टीसाठी होतं, ती म्हणजे गायरान. चौदा एकर. गावाच्या जनावरांचं राखीव कुरण. मार्वेल, पवन्या, कुसळी आणि मला अजूनही ओळखू न येणारी आणखी आठ-दहा गवतं. दसऱ्याच्या सुमाराला तिथे उभं राहिलं की गवत कमरेला लागायचं आणि वारा आला की सगळं कुरण एका अंगावर व्हायचं. तित्तर होते, ससे होते, टिटव्या तर नानांना नावाने ओळखत असाव्यात. तिथला नियम एकच. बी पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. दिवाळीचा पाडवा उलटून गेला की नाना गवतात बसायचे, तुरा तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे. रिकामं भूस उडालं म्हणजे बी जमिनीत गेलं. मग डफ घेऊन दवंडी द्यायचे, “गायरान मोकळं झालं होऽऽ! विळे काढा, हद्द पाहून कापा!” त्याआधी कुणी पेंढी नेली तर दंड. बारा पाट्या शेण. गायरानात जिथे गवत विरळ झालंय, तिथे नेऊन टाकायचं, आणि ज्याचा दंड त्यानेच वाहायचं.

सरपंचाच्या धाकट्या भावाला एकदा हा दंड झाला. त्याने पाटी घेऊन गडी पाठवला. नानांनी गड्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि परत पाठवलं. “तुला कामून दंड? तू काय कापलं?” शेवटी भाऊ स्वतः आला. कांजी केलेले पांढरे कपडे, डोक्यावर शेण आणि सगळं गाव पारावर. तो एक प्रसंग मी दुकानात चालीसकट करून दाखवतो. पाटी म्हणून संगणकाचा कीबोर्ड डोक्यावर घेतो.

पण त्याहून भारी दुसरा. कौसाबाई, म्हणजे नानांची बायको. गाय व्यायली होती, हिरवं काही नव्हतं, बाईने गायरानाच्या कडेची एक कवळ, म्हणजे मिठीत मावेल एवढं गवत, कापली. नाना घरी आले, दावणीत मार्वेल पाहिली, गाईपुढची काढून घेतली नाही. बाहेर जाऊन उकिरड्यावरून रिकामी पाटी आणली आणि बायकोपुढे ठेवली. बारा खेपा केल्या बाईने. शेवटची पाटी उतरवताना म्हणाल्या, “ध्यानात ठेवते बरं का कोतवाल.”

अशा माणसाला माझ्या दुकानात काय काम पडलं? तर गायरान कमी होत होतं. कडेचे शेतकरी दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत घालायचे. एका तासाने काय होतं? काहीच होत नाही. पण नानांच्या पावलांना ते कळायचं. उत्तरेची बाजू दरवर्षी चार-पाच पावलांनी आखूड भरत होती. अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. आणि वर्षभरात नानांची नोकरी संपत होती.

“मी हे तवर रोज फिरतो,” मला म्हणाले. “माझ्या मागं कोण फिरन? पोरगं पुण्याला. तारीचं कुंपण पायजे भाऊ. कुंपण झोपत न्हाई, रिटायर व्हत न्हाई. तेवढं बसवून द्या.”

त्यांनी काही मागितलं असेल तर एवढंच.

मी योजना पाहिल्या. नुसत्या कुंपणाला कुठे पैसे नव्हते. गवत राखायला तर कुठेच नव्हते. पण गावांत बागा करण्यासाठी एक मोठा निधी नुकताच आला होता. सार्वजनिक जागेवर उद्यान, चालायला वाट, खुली व्यायामशाळा. त्यात घटक जोडता येत होते आणि घटकांत कुंपण बसत होतं. मी टाळी वाजवली. “नाना, बाग दाखवू आणि कुंपण घेऊ!” मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी स्वतःलाच चहा सांगितला.

“बाग कुटं करायची?” नानांनी विचारलं.

“कोपऱ्यात. दोन बाकडी टाकायची. कागदापुरती.”

मी तसं ठरवलंही होतं. मग सरपंच दुकानात आले. सही त्यांची लागणार होती. त्यांना स्वागत कमान पाहिजे होती, वडिलांच्या नावाची. कारंजं पाहिजे होतं, कारण शेजारच्या गावाला मिळालं होतं. रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट पाहिजे होता. कोपऱ्यातली बाग माझ्या कीबोर्डवर हळूहळू वाढत गेली. घटक एक, जमीन सपाटीकरण. घटक दोन, पेव्हर ब्लॉकची पाऊलवाट. तीन व्यायामशाळा, चार बाकडी, पाच हिरवळ, सहा कारंजं, सात कमान, आठ सेल्फी पॉइंट. 

“आणि कुंपण?” मी म्हणालो.

“टाका की शेवटी,” सरपंच म्हणाले. “कुंपणाचा फोटो कुठं येतो लेका?”

मी टाकलं. घटक क्रमांक नऊ.

गाळलेला तुकडा इथून सुरू होतो. वरच्या कार्यालयात निधी कमी पडला की कात्री यादीला खालून लागते. शेवटचा घटक कापायलाच लिहायचा असतो, म्हणजे साहेबाला काटकसर केल्याचं समाधान मिळतं आणि बाकीचं शाबूत राहतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, मीच ती तालुक्याला शिकवली. तेव्हा नववा नंबर टाइप करताना आपण काय करतोय, हे मला चांगलं माहीत होतं. कुणालातरी शेवटी बसावं लागणारच होतं. कमानीला सरपंच होते, कारंज्याला सरपंच होते. कुंपणाला नाना होते आणि नाना समोर नव्हते.

वर्णनही मीच लिहिलं. योजनेची अटच होती की जागा वापरात नसावी. ‘सदर जमीन अत्यंत पडीक, निरुपयोगी, कुसळी व झुडपांनी व्यापलेली असून ग्रामस्थांना तिचा कोणताही उपभोग नाही.’ वाक्य माझ्या नेहमीच्या ठेक्यात उतरलं. नानांची झेरॉक्स कीबोर्डच्या बाजूलाच होती. ती फाइलीला जोडली असती तर प्रस्तावच खोटा पडला असता. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

आता राहिला आधीचा फोटो. कामाआधी जागा कशी होती आणि कामानंतर कशी झाली, असे दोन फोटो एकाच ठिकाणावरून लागतात. आधीच्या फोटोत जागा जितकी उजाड, तितका प्रस्ताव वजनदार. आणि आठ दिवसांनी पाहणीला पथक येणार होतं. मी गावात गेलो तर दसरा नुकताच झालेला आणि चौदा एकर मार्वेल छातीवर तुरे घेऊन उभी!

“नाना, हे कापावं लागेल.”

नानांनी एक तुरा तोडला, तळहातावर चोळला, फुंकर मारली. काही उडालं नाही. हिरवे दाणे हाताला चिकटून राहिले.

“दुधात हे अजून. वीस दिस तरी पायजेत.”

“आठ दिवसांत पथक आहे. असं डोलणारं रान पाहिलं तर ते पडीक कसं म्हणतील? एका वर्षाचा प्रश्न आहे. कुंपण कायमचं.”

नाना गवतात खाली बसले. फक्त टोपी दिसत होती. मग टोपीखालून आवाज आला, “कुंपण नक्की?”

मी म्हणालो, “प्रस्तावात आहे.”

नीट ऐका, मी ‘नक्की’ म्हणालो नाही. त्या वेळी या हुशारीचा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी दवंडी दिली. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. डफ वाजला, “गायरान मोकळं झालं होऽऽ,” आणि गावातून एकही विळा बाहेर आला नाही. लोक दारात येऊन नानांकडे बघायला लागले. एका बाईने कपाळाला हात लावून पाहिला. “नाना, ताप हे का तुमाला?” दुसरी म्हणाली, “दिवाळी कवा झाली? आमाला तर पुरन न्हाई मिळालं!” शेवटी नाना स्वतः विळा घेऊन गवतात शिरले आणि पहिली कवळ त्यांनी कापली. तेव्हा कुठे माणसं निघाली, तीही एकमेकांकडे बघत.

कौसाबाई मात्र निघाल्या नाहीत. घरात गेल्या, पाटी घेऊन आल्या आणि सगळ्या गावासमोर नवऱ्यापुढे ठेवली.

“बी पडलं का कोतवाल?”

“न्हाई.”

“मंग बारा पाट्या.”

लोक हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी विळा बाईच्या हातात दिला, पाटी उचलली आणि उकिरड्याकडे चालू लागले. ओठ हलत होते. बारा खेपा, त्या वयात, त्या उन्हात. मधे दोनदा थांबून त्यांनी छातीवरचा घाम पुसला. एक जण पाटी घ्यायला पुढे गेला, तर म्हणाले, “बाजूला हो. दंड माझा हे.”

हा दंड कुणाचा होता, ते तिथे उभ्या असलेल्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो सावलीत बसून शेंगा खात होता.

आठ दिवसांनी फोटो काढला. गवत कापलेलं, खुंट पिवळे पडलेले, मागे एक वाळकी बाभूळ. मी असा कोन धरला की पाहणाऱ्याला तहान लागावी. फोटोत एक गरीब ग्रामस्थ उभा केला की उजाडपणाला धार येते, हा माझाच शोध. नाना म्हणाले, मी राहतो. कोट घालून आले. हद्दीच्या दगडापासून मोजत आले आणि थांबून म्हणाले, “एकशे शहात्तर. लिहून ठेवा, नंतरच्या फोटूला लागन.” मग ताठ उभे राहिले. मी फोटो काढला, मोबाइल खिशात घातला, तंबाखू मळली, दोन फोन घेतले. वळून पाहतो तर नाना तसेच उभे, हात मांडीला चिकटलेले.

“अहो नाना, कधीच झालं!”

“झालं का?” ते सैल झाले. “तुमी झालं म्हनल्याबिगर कसं हलू? सरकारी काम हे.”

पथक पाहून गेलं आणि मंजुरी आली. बाग पूर्ण मंजूर. शेवटी एक ओळ होती, ‘घटक क्र. ९ निधीअभावी वगळण्यात येत आहे.’ पत्र वाचून मी पेढे मागवले. तेवढ्यात नाना आले. दारातूनच विचारलं, “आलं का भाऊ?”

“मंजूर झालं नाना!” मी पेढा पुढे केला.

त्यांनी पेढा खाल्ला नाही, कागदात बांधून घेतला. “कौसाला देतो. लई बोलून राह्यली ती. आता बोलती बंद व्हईल.”

मी तेव्हा सांगू शकलो असतो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात जेसीबी आला आणि एका बाजूने गायरान खरवडायला लागला. मला वाटलं, आता नाना भांडायला येतील. मी वाक्यं तयार ठेवली होती. ते आले ते मला समजावायला. “खांबाला सपाट लागतंच की. आधी सपाट, मंग खांब. बराबर हे.” पेव्हर ब्लॉक आले तर म्हणाले, तार वाहायला गाडीवाट पाहिजेच. कमान उभी राहिली तर म्हणाले, आधी दार, मग कुंपण. घराचंही असंच करतात. माझ्या खोटेपणाला लागणारी सगळी कारणं तो माणूस स्वतःच आणून देत होता. मला बोलावंच लागत नव्हतं.

एकदाच काम अडलं. मुरमात टिटवीने चार अंडी घातली होती आणि नाना त्यांच्याशेजारी छत्री धरून बसले. सरपंचांचा मला फोन, “तुमचा कोतवाल अंड्यांवर बसलाय! उठवा त्याला!” पिलं निघून चालती होईपर्यंत जेसीबीने तेवढा तुकडा सोडून काम केलं. ही गोष्ट मी सगळ्या तहसीलला सांगितली, टिटवीच्या आवाजासकट. एक अव्वल कारकून हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्या अंड्यांच्या भोवती चौदा एकर रान गेलेलं होतं, हा भाग मी सांगत नसे. त्याने हशा कमी होतो.

पुढच्या पावसात हिरवळ लावली. ती ट्रकमधून आली, गुंडाळीत. मार्वेल कुठेच उगवली नाही. आदल्या वर्षी बी पडलंच नव्हतं, आणि जुनं जे असेल ते सपाटीकरणात गेलं होतं.

उद्घाटनाला नानांना शाल-श्रीफळ दिलं. ‘ज्यांच्या सहकार्याने ही पडीक जमीन फुलली,’ असं भाषणात म्हटलं गेलं. भाषण मीच लिहून दिलं होतं.

आता शेवटची भेट. नंतरचा फोटो राहिला होता. तो चढवल्याशिवाय कामाचा पूर्णत्वाचा दाखला निघत नव्हता. तोवर नाना निवृत्त झाले होते, कारंजं बंद पडलं होतं आणि हिरवळीचे निम्मे चौकोन तपकिरी झाले होते. मी निरोप दिला होता. गेलो तर नाना हद्दीच्या दगडापाशी कोट घालून तयार. लाल बटणसुद्धा लावलेलं.

“कित्ती लिहून ठेवलं होतं?”

“एकशे शहात्तर.”

नाना चालू लागले. सरळ रेषेत. मध्ये बाकडं आलं तर वळले नाहीत. बाकड्यावर चढले आणि पलीकडे उतरले. व्यायामाच्या यंत्रांमधून वाकून गेले. तिथे दोन बाया पायडल मारत होत्या, त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. मी मोबाइल घेऊन मागे मागे. यंत्रं ओलांडल्यावर नाना थांबले आणि हात वर केला.

“एकशे अठरा. धरून ठेवा भाऊ.”

“धरले.”

“कुंपण कवा येऊन राह्यलं?”

आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ विचारावी तसं विचारलं. पलीकडे, जिथे उत्तरेची हद्द होती, तिथे कुणाचीतरी नांगरट थेट पाऊलवाटेच्या विटांना येऊन भिडली होती. ती त्यांना दिसत होती. मलाही दिसत होती.

“दुसऱ्या टप्प्यात,” मी म्हणालो.

दुसरा टप्पा नावाची गोष्ट त्या योजनेत नाही.

नानांनी मान हलवली. “येऊ द्या. नाल्याच्या काठाला थोडी मार्वेल राह्यली हे. औंदा तिचं बी धरलं म्या. गाडग्यात ठेवलं. कुंपण आलं की टाकतो.” मग म्हणाले, “ती झेरॉक्स लावली ना फाइलीला? सायबाला दाखवायची पुन्हा. नुसतं कागदावर तरी हे की न्हाई.”

“लावली,” मी म्हणालो.

“कित्ती होते?”

“एकशे अठरा.”

ते पुन्हा मोजायला लागले. एकशे चाळीस, दीडशे, साठ. एकशे सत्तरला कारंज्याचा कठडा आला. नानांनी धोतर गुडघ्यापर्यंत धरलं, कठडा ओलांडला आणि कोरड्या हौदात उतरले. आत पाला होता, गुटख्याच्या पुड्या होत्या. सहा पावलं टाकली आणि बरोबर मधोमध, त्या गंजलेल्या नळीपाशी, तोंड माझ्याकडे करून उभे राहिले.

“नाना, वर या,” मी म्हणालो. “कठड्यापाशी उभे राहा. कुणाला कळत नाही.”

“न्हाई भाऊ. मी हितंच होतो. खोटं कामून करायचं?”

ते ताठ झाले, हात मांडीला चिकटले, नजर समोर. मी फोटो काढला. पडद्यावर पाहिला. मग मला त्यांच्याकडे पाहणं जमेना. मी मोबाइल खिशात टाकला आणि कमानीखाली लावलेल्या मोटारसायकलीकडे गेलो. मागे बघितलं नाही. किक मारली, गाडी वळवली.

कमानीतून बाहेर पडताना आरसा हलला आणि त्यात बाग दिसली. बाया यंत्रांवरून उतरून हौदाकडे बघत उभ्या होत्या. हौदात नाना होते. कमरेपासून वरचे, खाकी कोटात, तसेच ताठ. मी अजून ‘झालं’ म्हणालो नव्हतो.